मुरुमे, मलम आणि आमची चूक

14 एप्रिल 2024 ची संध्याकाळ आम्ही विसरणार नाही. माणगावात आमच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. त्याचे सूत्रसंचालन तीन वर्षे आमची थोरली मुलगी करीत आली होती. त्या दिवशी ती आलीच नाही. आम्ही मात्र माईकसमोर उभे राहून समतेवर वीस मिनिटे बोललो. टाळ्या मिळाल्या. खाली उतरल्यावर एका कार्यकर्त्याने विचारले, "साहेब, आज ताई कुठे?" आम्ही म्हणालो, "अभ्यास आहे तिचा."

हे खोटे होते. थोरली त्या वेळी घरात, दार लावून, ओले फडके तोंडावर धरून बसली होती. तिचे दोन्ही गाल लालबुंद झाले होते. त्यांवर फोड होते आणि त्यांची आग होत होती. तिच्या तोंडाची ही दशा करणारी ट्यूब आम्हीच बाजारातून आणून तिच्या हातात दिली होती.

वाचकहो, मुरुमांसारख्या किरकोळ विषयावर काय लिहायचे, असे कोणाला वाटेल. आम्हालाही तसेच वाटत होते. पण घरोघरी वयात आलेली मुले-मुली आहेत आणि मेडिकलच्या दुकानात तीच ट्यूब अजून मिळते. म्हणून आमची चूक आम्ही मांडतो आहोत.

लग्न झालं की जातील

मुरुमांशी आमची ओळख जुनी. बीकॉमला असताना आमच्या तोंडावर मोहरीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंत सर्व आकाराची मुरुमे होती. आईने चंदन उगाळून लावले, आत्याने हळद आणि साय लावली. एका मित्राच्या सल्ल्याने आम्ही रात्रभर टूथपेस्ट लावून झोपलो आणि सकाळी सोललेले गाल घेऊन कॉलेजात गेलो. शेवटी सगळ्यांचे एकमत झाले, "लग्न झालं की जातील."

लग्न झाले. मुरुमे गेली नाहीत. पुढे कमी झाली ती वयामुळे, आणि जाताना गालांवर खड्डे ठेवून गेली. आमच्या कार्यालयातले सहकारी या गालांना 'मुंबई-गोवा महामार्ग' म्हणतात. माणगावच्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. आजही आमच्या जबड्याच्या कडेला आणि पाठीवर अधूनमधून मुरुमे येतात. कारकुनाच्या तोंडाकडे कोण पाहतो, म्हणून आम्ही कधी डॉक्टरकडे गेलो नाही.

थोरली दहावीत असताना तिच्या कपाळावर बारीक पुरळ आले. अकरावीत ते गालांवर उतरले. ती विज्ञान शाखेची, अभ्यासात हुशार. ती फारशी तक्रार करीत नव्हती. आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहायची, इतकेच.

तक्रार आली ती बाहेरून. 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत आमची आत्या राहायला आली. तिने पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले आणि म्हणाली, "काहीतरी लाव गो तोंडाला. रंग पण उतरलाय. उद्या बघायला येतील तर काय सांगायचं?" थोरली हसली आणि आत गेली. आमची पत्नी म्हणाली, "आत्या, पोर सतरा वर्षांची आहे." आम्ही काही बोललो नाही. पण आत्याचे वाक्य डोक्यात राहिले.

पहिली ट्यूब

दोन दिवसांनी कार्यालयातून येताना आम्ही बाजारात औषधाच्या दुकानात शिरलो आणि काउंटरवर म्हणालो, "मुलीच्या तोंडावर मुरुमं आहेत. आणि रंगही जरा उजळेल असं काही आहे का?" हे वाक्य लिहिताना आजही हात थबकतो. मुरुमे ही तिची अडचण होती. रंग हा शब्द आम्ही आपल्या पदरचा घातला. गोरेपणाच्या क्रीमवाल्या एका मोठ्या कंपनीने 2020 साली आपल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून टाकला, तेव्हा आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांना त्याची बातमी वाचून दाखवली होती. आमच्या स्वतःच्या मनातला तो शब्द तसाच राहिला होता.

दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. फळीवरून एक ट्यूब काढून दिली, म्हणाला, "सगळे हीच नेतात." आम्ही पैसे दिले आणि खोके न वाचता खिशात टाकले.

दहा दिवसांत चमत्कार झाला. मुरुमे सुकली, चेहरा नितळ आणि उजळ दिसू लागला. शेजारच्या काकू विचारू लागल्या, "काय लावतेस गं?" आत्याला फोन करून आम्हीच सांगितले. एक ट्यूब संपली, दुसरी आणली, मग तिसरी. कधी थांबवायचे हे कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते.

फेब्रुवारीपासून तिचे तोंड उन्हात भाजू लागले. स्टँडपासून कॉलेजपर्यंत चालत गेली तरी गाल तापून लाल व्हायचे. गालांच्या कातडीखाली बारीक लाल शिरा दिसू लागल्या. कानांजवळ लव वाढली. एक दिवस ट्यूब लावली नाही तर खाज सुटायची आणि लावली की शांत व्हायची. मार्चच्या शेवटी ती वैतागून म्हणाली, "पप्पा, मी हे बंद करते." तिने बंद केले आणि आठवड्याभरात सगळे तोंड पेटले. त्यानंतरची जयंती वर सांगितलीच आहे.

केसपेपर

एप्रिलच्या शेवटी आम्ही मुंबईला निघालो. आदल्या दिवशी पॅसेंजरने दिव्याला उतरलो, लोकलने बहिणीकडे गेलो, आणि सकाळी सातला एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाच्या रांगेत उभे राहिलो. केसपेपर काढला. थोरलीने ओढणी डोळ्यांपर्यंत बांधली होती.

रांगेत आजूबाजूला पाहिले तर तिच्यासारखी कितीतरी तोंडे. एक बांधकामावर काम करणारी बाई, एक रिक्षावाला तरुण, लग्न ठरलेली एक मुलगी. सगळ्यांच्या गालांवर तोच लालपणा. विचारले तर सगळ्यांच्या पिशवीत ट्यूब, आणि बहुतेकांच्या ट्यूबला चिठ्ठी नाही.

डॉक्टर मॅडमनी ओढणी सोडायला सांगितली, भिंग लावून पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ट्यूब आणली आहे का?" आम्ही खिशातून काढली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि बारीक अक्षरे मोठ्याने वाचली. हायड्रोक्विनोन. ट्रेटिनॉइन. मोमेटासोन.

"पहिलं रंग फिका करायचं औषध. दुसरं व्हिटॅमिन ए च्या कुळातलं, ते मुरुमांवर खरंच चालतं. आणि तिसरं स्टिरॉइड." मग थोरलीच्या गालाकडे बोट करून म्हणाल्या, "हे सगळं त्या तिसऱ्याचं काम आहे."

त्यांनी समजावून सांगितले ते असे. स्टिरॉइडने सूज आणि लालपणा चटकन दबतो, म्हणून पहिल्या आठवड्यात चेहरा छान दिसतो. पण तोंडाची कातडी नाजूक असते. महिनोन्‌महिने लावले की ती पातळ होते, शिरा दिसू लागतात, केस वाढतात आणि नवीन मुरुमे येतात. सोडायला गेले की चेहरा उसळतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. दारूसारखेच ते. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळे नावच दिले आहे, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. म्हणजे स्टिरॉइड मलमाने बिघडलेला चेहरा. अशी तिहेरी मलमे वांगासारख्या काळ्या डागांवर डॉक्टर काही आठवडे, आपल्या देखरेखीखाली देतात. मुरुमांवर किंवा गोरे होण्यासाठी ती नाहीत. 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कायदा आहे. पण आमच्यासारखे गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय मागते आणि दुकानदार देतो.

"कोणी लिहून दिलं होतं?" मॅडमनी विचारले.

"मीच आणलं," आम्ही म्हणालो.

"मुरुमांसाठी की रंगासाठी?"

आम्ही उत्तर शोधत होतो. तेवढ्यात थोरली म्हणाली, "मॅडम, मुरुमं मला आली होती. रंगाचं पप्पांना झालं होतं."

ती रागाने बोलली नाही. म्हणून ते जास्त लागले. समतेवर वीस मिनिटे बोलणाऱ्या माणसाला त्या केसपेपरच्या टेबलापाशी एक वाक्य सुचले नाही.

मॅडमनी पोरीला सांगितले, "बाळा, तुझा रंग हा आजार नाही. त्यावर माझ्याकडे औषध नाही आणि लागतही नाही. मुरुमं आजार आहे, त्यावर आहे." मग त्यांनी काही दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि सहा आठवडे तोंडाला सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव, एवढेच करायला सांगितले. "सनस्क्रीन परवडलं तर लावा. नाही परवडलं तर छत्री आणि ओढणी. छत्रीला चिठ्ठी लागत नाही."

दुसरी ट्यूब

जूनच्या मध्यावर पुन्हा गेलो. लाली बरीच उतरली होती, मुरुमे होतीच. आता मॅडमनी नवीन ट्यूब लिहिली, ॲडापॅलीन 0.1 टक्के. आमच्या गालांकडे पाहून म्हणाल्या, "आणि तुमचं काय? घरात दोघे मिळून लावलं की विसर पडत नाही." आम्हाला ट्रेटिनॉइन 0.025 टक्के मिळाले. दोन्ही औषधे एकाच कुळातली, रेटिनॉइड नावाची.

ट्रेटिनॉइन हे नाव ऐकून थोरली दचकली. "हे तर त्या ट्यूबमध्येपण होतं!" मॅडम म्हणाल्या, "हो. त्याची संगत वाईट होती." मग कागदावर एक छिद्र काढून त्यांनी सांगितले. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे त्वचेखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी एरवी गळून पडतात. मुरुमे येणाऱ्यांच्या त्वचेत त्या एकमेकींना आणि तेलाला चिकटून बूच बनतात. बुचामागे तेल साचते, जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. रेटिनॉइड पेशींना चिकटू देत नाही, म्हणजे नवीन बूचच होऊ देत नाही. तयार बूच फुगून वर यायला काही आठवडे लागतात. म्हणून आज लावलेल्या औषधाचा गुण उद्या दिसत नाही. पूर्ण गुण दिसायला तीन महिने धरायचे.

यात मळाचा दोष नाही, पोट साफ नसल्याचाही नाही. थोरली दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड घासायची. ते बंद करायला सांगितले, दोन वेळा पुरे. मुरूम फोडायचे नाही. सावळ्या त्वचेवर मुरूम गेले तरी काळा डाग मागे राहतो, फोडले तर जास्त. तो डाग आपोआप, पण सावकाश जातो.

"माझे खड्डे भरतील का?" आम्ही विचारले. मॅडमनी स्पष्ट सांगितले, "जुने खोल खड्डे या मलमाने भरत नाहीत. पण वेळेवर उपचार केला तर नवे पडत नाहीत. तुम्ही उशिरा आलात, ही वेळेवर आली आहे." लग्न झालं की जातील, या वाक्याची किंमत आमच्या तोंडावर आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

वहीतले आकडे

आम्ही पडलो बीकॉम. घरी आल्यावर शंभर पानी वही घातली. दर रविवारी सकाळी दारात उजेडाला बसवून थोरलीच्या तोंडावरची लहानमोठी मुरुमे मोजायची आणि तारखेसह लिहायची. पहिला आकडा होता 34.

रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघे तोंड धुऊन, पुसून, अर्धा तास थांबायचो. ओल्या तोंडावर लावले की जास्त चुरचुरते. मग वाटाण्याएवढा ठिपका, सगळ्या तोंडाला मिळून एकच. कपाळ, दोन गाल, हनुवटी, नाक असे टिपके ठेवून पसरायचे. प्रत्येक मुरुमावर वेगळे थापायचे नाही. डोळ्यांच्या, नाकाच्या आणि ओठांच्या कडा सोडायच्या. वर मॉइश्चरायझर. सुरुवातीला एक दिवसाआड, मग सोसेल तसे रोज.

हे सगळे सांगितलेले असूनही पहिल्याच रात्री आम्ही गडबड केली. दुप्पट लावले तर निम्म्या दिवसांत गुण येईल, असा हिशेब केला. तिसऱ्या दिवशी ओठांच्या कडा फाटल्या, गालांची सालपटे निघाली. कार्यालयात दाढीऐवजी कोंडा पडत होता. आमटीचा तिखट घास ओठाला लागला की डोळ्यांत पाणी. थोरली म्हणाली, "पप्पा, वाटाणा म्हणजे वाटाणा. लिंबू नाही." मग आम्ही चार दिवस थांबून तिच्या शिस्तीत आलो.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात आली. वहीत आकडा पडला 47. कमी व्हायच्या ऐवजी तेरा वाढले. सोबत कोरडेपणा आणि जळजळ. त्या रात्री तिने ट्यूब टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हेपण तसंच निघालं. मला नाही लावायचं."

तिला समजावण्याचा अधिकार आम्ही पहिल्या ट्यूबबरोबर घालवून बसलो होतो. 'माझ्यावर विश्वास ठेव' असे कोणत्या तोंडाने म्हणणार? आम्ही फक्त केसपेपर उघडून तिच्यापुढे ठेवला. मागच्या बाजूला मॅडमनी लिहून ठेवले होते की दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मुरुमे वाढल्यासारखी दिसतील, आत दडलेली बुचे वर येतात, घाबरून सोडू नये, फार आग झाली तर एक-दोन दिवस थांबावे आणि पुन्हा लावावे. तिने ते दोनदा वाचले. मग म्हणाली, "त्या ट्यूबने पहिल्यांदा छान दिसलं आणि मग बिघडलं. ही आधी बिघडवते."

"गोदामातला जुना माल बाहेर येतोय," आम्ही म्हणालो. ती हसली नाही, पण तिने ट्यूब उचलली.

पुढचे आकडे वहीतून उतरवून देतो. सहावा आठवडा 36. नववा 21. बारावा 11. पुढे मॅडमनी सकाळी लावायला बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम जोडले. त्याने जंतू कमी होतात, आणि कपड्यांचा रंगही उडतो. आमच्या घरातल्या निळ्या उशीच्या खोळीवर आता पांढऱ्या ढगांचे नकाशे आहेत. एक चांगली ओढणीही गेली. ते मलम लावणाऱ्यांनी पांढरा टॉवेल वापरावा.

हे औषध आले कुठून

एका रविवारी वही भरताना थोरलीने विचारले, "पप्पा, हे शोधलं कोणी?" मोबाइलवर आणि अभ्यासिकेतल्या संगणकावर आम्ही दोघांनी मिळून वाचले. जे वाचले ते आपल्या वाचकांनाही ठाऊक असावे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अल्बर्ट क्लिगमन नावाचे त्वचारोगाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1969 साली व्हिटॅमिन ए पासून बनलेले आम्ल मुरुमांवर चालते, असा निबंध प्रसिद्ध केला. तेच ट्रेटिनॉइन. 1971 साली अमेरिकन सरकारने त्याला मान्यता दिली. आज जगभर कोट्यवधी लोक ते लावतात.

याच क्लिगमन यांनी त्याच शहरातल्या होम्सबर्ग तुरुंगात 1951 पासून 1974 पर्यंत कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग केले. कैद्यांत बहुसंख्य काळे होते, गरीब होते. कित्येक तर खटला चालायच्या आधीच, जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत होते. थोड्या डॉलरसाठी त्यांनी पाठी पुढे केल्या. पाठीवर चौकोन आखून नाना मलमे, रसायने लावली जात. काय लावतात, त्याने काय होईल, हे त्यांना धड सांगितले जात नव्हते. ट्रेटिनॉइनच्या चाचण्याही तिथे झाल्या. ॲलन हॉर्नब्लम या लेखकाने 1998 साली पुस्तक लिहून हे सगळे जगापुढे आणले. विद्यापीठाने 2021 साली आणि शहराने 2022 साली माफी मागितली. तोपर्यंत त्यांतले अनेक कैदी मरून गेले होते.

आणखी एक गोष्ट वाचून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र करून त्वचेचा रंग फिका करण्याचे सूत्रही याच क्लिगमन यांनी एका सहकाऱ्यासोबत 1975 साली प्रसिद्ध केले. त्यांचे स्टिरॉइड वेगळे होते, पण आमच्या पहिल्या ट्यूबची जात तीच. आमच्या घरातल्या दोन्ही ट्यूबांच्या मुळाशी एकच माणूस.

थोरली बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मग हे लावायचं की नाही?"

आम्ही तिला सांगितले ते असे. ज्यांच्या पाठी वापरल्या गेल्या, त्यांना कोणी विचारले नाही. तुझे तसे नाही. तुझा केसपेपर आहे, त्यावर औषधाचे नाव आहे, काय होईल ते आधी लिहून दिले आहे आणि नको म्हणायचा तुला हक्क आहे. हा हक्क त्या लोकांकडे नव्हता. औषध टाकून दिल्याने त्यांना न्याय मिळणार नाही. पण आपल्या अंगाला काय लावतो ते विचारल्याशिवाय कधी लावू नको.

बोलून झाल्यावर लक्षात आले की आम्ही स्वतः काय केले होते. पहिली ट्यूब देताना आम्ही तरी कुठे तिला विचारले होते? 'हे लाव' म्हणून हातात ठेवली होती. तेव्हा आम्ही तिची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या पप्पा. वहीत लिहा." आम्ही त्या रविवारच्या आकड्यापुढे तसे लिहिले आहे.

आता

2024 च्या ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात थोरली माईकसमोर उभी राहिली. वहीतला त्या आठवड्याचा आकडा होता 6. गालांवर जुने डाग दिसत होते. आमच्या पत्नीने पावडर पुढे केली, ती नको म्हणाली. खाली आत्या बसली होती. कार्यक्रमानंतर आत्या म्हणाली, "चेहरा निवळला गो. पण रंग..." वाक्य पुरे व्हायच्या आत आम्ही म्हणालो, "आत्या, रंगाला काही झालेलं नाही. पुन्हा तो विषय नको." एवढे एक वाक्य आम्ही वर्षभर आधी बोललो असतो, तर पोरीचे सहा महिने वाचले असते.

आता मॅडमच्या सल्ल्याने ती एक दिवसाआड रात्री लावते. एकदम सोडले की मुरुमे परत येऊ शकतात, म्हणून काही काळ चालू ठेवायचे आहे. आमचे जबडे बरे आहेत, खड्डे आहेत तिथेच आहेत.

माता-भगिनींसाठी दोन गोष्टी मॅडमनी बजावून सांगितल्या होत्या, त्या इथे देतो. गरोदर बाईने किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईने रेटिनॉइडचे मलम लावू नये, डॉक्टरला आधी सांगावे. आणि याच कुळातली आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी असते, तिने पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते. ती गोळी शेजारणीची म्हणून, मैत्रिणीची म्हणून कधीही घेऊ नये. घरात हे औषध चालू असताना लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत स्क्रब, चेहऱ्याचे वॅक्सिंग हेही टाळावे.

खर्च विचाराल, तर सरकारी रुग्णालयात केसपेपर थोडक्यात निघतो. आमचा जास्त खर्च प्रवासाचा आणि रजेचा झाला. ज्या तीन चुकीच्या ट्यूबा आम्ही आणल्या, त्यांच्या पैशांत योग्य औषधाचे पहिले दोन-तीन महिने निघाले असते. हा हिशेबही वहीत आहे.

आमची अभ्यासिकेतल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एकच विनंती असते, तीच आपणा सर्वांना करतो. घरात तोंडाला लावायची जी ट्यूब असेल ती आज उजेडात आणा. नातवाकडून, मुलीकडून तिच्यावरची बारीक इंग्रजी नावे वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, असे काही असेल आणि डॉक्टरची चिठ्ठी नसेल, तर ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ट्यूब फेकू नका, सोबत न्या. ती पाहूनच त्यांना पुढचे ठरवता येते. आणि दुकानात जाण्याआधी, ज्याच्या तोंडाला लावायचे आहे त्याला विचारा, तुला नक्की काय त्रास होतो आहे?